कॅनडातलं एमबीए आणि स्टडी परमिट: अर्ज कशावर टिकतो, कशावर पडतो

कॅनडातल्या बिझनेस स्कूलचं प्रवेशपत्र आलं की घरात पेढे वाटून व्हायच्या आतच पुढचा प्रश्न येतो: ‘व्हिसाचे चान्सेस किती?’ कुणी एजंट नव्वद टक्के सांगतो, कुणी छातीठोकपणे शंभर टक्के सांगून फाइल ठेवून घेतो. या आकड्यांवर विसंबून घर गहाण टाकू नका. कॅनडा सरकारच्या ज्या आकडेवारीवरून रॉयटर्सने बातमी दिली होती, तिच्यानुसार ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून आलेल्या स्टडी परमिटच्या अर्जांपैकी सुमारे ७४ टक्के नाकारले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन वर्षांत वारं किती फिरलं, ते यावरून कळतं. मात्र हा आकडा सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. टोरांटो विद्यापीठाच्या रॉटमनमध्ये एमबीएला निघालेली, पाच वर्षं नोकरी केलेली मुलगी त्यात आहे आणि कुठल्याशा कॉलेजात आठ महिन्यांच्या बिझनेस सर्टिफिकेटला निघालेला मुलगाही त्यातच आहे. तुमच्या अर्जाचं काय होईल, हे या सरासरीवरून कळत नाही. ते तुमच्या कागदांवरून ठरतं, आणि कागद बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतात.

आधी निर्णय होतो कसा, ते समजून घ्या. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी निदान बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपुढे उभं राहून दोन मिनिटं बोलता येतं. कॅनडाच्या स्टडी परमिटला बहुतेकांची मुलाखत होतच नाही. मुंबईत किंवा पुण्यात व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जाऊन तुम्ही बोटांचे ठसे आणि फोटो देता, पण तिथल्या कर्मचाऱ्यांचा निर्णयाशी संबंध नसतो. निर्णय घेतो तो आयआरसीसीचा, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा अधिकारी. त्याच्यासमोर पुष्कळदा अर्ज येतात ते चिनूक नावाच्या साधनातून, एक्सेलच्या तक्त्यात ओळीखाली ओळ मांडलेले. एका अर्जाच्या वाट्याला फार वेळ येत नाही. तिसऱ्या पानावर दडलेला तुमचा उत्तम मुद्दा त्याच्या नजरेस पडेलच, असं धरून चालू नका.

कायद्यानुसार त्याची खात्री पटावी लागते ती मुख्यतः दोन गोष्टींची. मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल, आणि शिकण्याचा, राहण्याचा, परतीचा खर्च तुमच्याजवळ आहे. बाकी सारे प्रश्न या दोहोंतून फुटतात. हा कोर्स याच माणसाला का हवा? आत्ताच का? कॅनडातच का? याची उत्तरं पटली नाहीत, तर शिक्षण हे निमित्त आहे असा निष्कर्ष अधिकारी काढतो.

बिझनेसच्या विद्यार्थ्यांची अडचण इथेच सुरू होते. मेकॅनिकल इंजिनिअर रोबोटिक्समध्ये मास्टर्स करायला निघाला तर त्याचं ‘का’ कागदावर आपोआप दिसतं. मॅनेजमेंटला मात्र बीकॉमवाला जातो, बीफार्मवाला जातो, बीएससी ॲग्री झालेलाही जातो. शिवाय अधिकाऱ्याला हेही माहीत असतं की भारतात एमबीए मिळतं आणि कितीतरी कमी पैशांत मिळतं. मग चाळीस-पन्नास लाख खर्चून हा माणूस इकडे का येतोय, हा प्रश्न बिझनेसच्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर उभा राहतो. त्याचं उत्तर ज्यानं स्वतःहून, नेमकं आणि पुराव्यासकट दिलं, त्याचा अर्ज टिकण्याची शक्यता वाढते.

कोर्स निवडतानाच अर्धं काम

कॅनडाने २२ जानेवारी २०२४ रोजी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. तेव्हापासून बहुतेक अर्जदारांना प्रांताचं पत्र, म्हणजे पीएएल, जोडावं लागतं. प्रत्येक प्रांताच्या वाट्याला ठराविक पत्रं, त्यातून प्रत्येक कॉलेजला ठराविक. मास्टर्सवाल्यांना आधी सूट होती, २०२५ मध्ये ती गेली आणि १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ती पुन्हा मिळाली. म्हणजे रॉटमन, यॉर्क विद्यापीठाचं शूलिक, वेस्टर्नचं आयव्ही, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं सॉडर अशा ठिकाणी एमबीएला जाणाऱ्याला पीएएल लागत नाही. कॉलेजच्या बिझनेस डिप्लोमाला किंवा पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला लागतं. क्विबेकची गोष्ट वेगळी. मॅकगिलच्या देसोतेलमध्ये किंवा एचईसी मॉन्ट्रियलमध्ये जायचं असेल तर त्या प्रांताचं स्वीकृतिपत्र, म्हणजे सीएक्यू, आधी मिळवावं लागतं, आणि त्यात वेळ जातो.

याहून मोठा फरक शिक्षणानंतर मिळणाऱ्या वर्क परमिटचा आहे, आणि एजंटकडे बसलेल्या पालकांना नेमका तोच सांगितला जात नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटला अर्ज करणाऱ्यांना कॉलेजचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट करून वर्क परमिट हवं असेल, तर विषय सरकारने ठरवलेल्या यादीतला असावा लागतो. यादीत आरोग्यसेवा आहे, शेती आहे, तांत्रिक विषय आहेत, कुशल कारागिरीचे व्यवसाय आहेत. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट, एचआर, मार्केटिंग हे तिथे नाहीत. पदवी, मास्टर्स आणि पीएचडीला विषयाची ही अट नाही. एखाद्या सार्वजनिक कॉलेजचा कोर्स दुसऱ्याच खासगी संस्थेच्या इमारतीत शिकवला जात असेल, तर १५ मे २०२४ पासून तिथे शिक्षण सुरू करणाऱ्यांना वर्क परमिट मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आज महाराष्ट्रातून कुणी कर्ज काढून कॅनडातल्या कॉलेजच्या सर्वसाधारण बिझनेस डिप्लोमाला जात असेल, तर त्याला कुणीतरी थांबवायला हवं. परवाना मिळण्याची शक्यता कमी, आणि मिळालाच तरी शिक्षण संपल्यावर कर्ज फेडायला नोकरीचा रस्ता बंद.

मास्टर्समध्येही बारकावे आहेत. एमबीए आठ महिन्यांहून मोठं असेल तर ते दोन वर्षांपेक्षा लहान असूनही तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. पण नवरा किंवा बायको सोबत येऊन काम करणार असेल, तर २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्स किमान सोळा महिन्यांचं असावं लागतं. आयव्हीचं एमबीए एका वर्षाचं आहे. कोर्स नामवंत, स्वतःला वर्क परमिटही मिळेल, पण जोडीदाराला ओपन वर्क परमिट नाही. दोघांच्या कमाईवर हप्त्यांचा हिशेब मांडून निघालेल्या जोडप्याला हे तिथे पोचल्यावर कळू नये. आणखी एक गोष्ट. विद्यापीठाच्या पदवीधराला वर्क परमिटसाठी भाषेची सीएलबी ७ ही पातळी दाखवावी लागते, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये प्रत्येक भागात किमान ६. प्रवेशाच्या वेळी दिलेली आयईएलटीएस ॲकॅडमिक तिथे चालत नाही.

‘का’ कसं लिहायचं

अर्जाला जोडायच्या पत्राला आपल्याकडे सगळे एसओपी म्हणतात. बाजारात त्याचे साचे मिळतात, आणि अधिकारी तसे साचे रोज वाचतो. ‘कॅनडा हा बहुसांस्कृतिक देश असून तेथील शिक्षण जागतिक दर्जाचे आहे’ या वाक्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. ते खुशाल काढून टाका.

चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग सांभाळणारी एक इंजिनिअर आहे असं समजा. तिनं ‘मला माझं व्यवस्थापनकौशल्य वाढवायचं आहे’ असं लिहिलं तर कुणालाही ते लागू पडतं. तिनं असं लिहावं: माझ्या विभागात महिन्याला अमुक भागांचं नियोजन होतं, मोठ्या ग्राहकानं वेळापत्रक बदललं की माल पडून राहतो, खरेदी आणि भांडवलाचे निर्णय माझ्या वरच्या पातळीवर होतात, आणि त्या पदावर जायला फायनान्स आणि सप्लाय चेनचं शिक्षण लागतं. या एमबीएतले हे दोन विषय आणि हा इंटर्नशिपचा भाग त्यासाठी. पुण्यातल्या या दोन संस्थांची एमबीए मी पाहिली, त्यात अमुक नाही. परत आल्यावर मी अशा प्रकारच्या पदांसाठी अर्ज करीन, त्यांचा पगार साधारण इतका. खर्चाशी तो असा जुळतो. एवढं सगळं दीड-दोन पानांत बसतं. आणि पहिल्याच परिच्छेदात सार यायला हवं, कारण पुढचं वाचलं जाईल याची हमी नाही.

आधी एमबीए किंवा पीजीडीएम झालेलं असेल तर मात्र जपून. ‘अर्जदाराकडे या पातळीची पदवी आधीच आहे’ हे नकाराचं नेहमीचं कारण. अधिकाऱ्यानं विद्यार्थ्याचा करिअर सल्लागार बनू नये, असं कॅनडाच्या फेडरल कोर्टानं म्हटलेलं आहे, पण कोर्टात जाऊन ते सिद्ध करण्यापेक्षा पत्रातच फरक दाखवणं शहाणपणाचं. पहिलं एमबीए मार्केटिंगचं आणि आता बिझनेस ॲनालिटिक्सचं मास्टर्स असेल, तर मधल्या नोकरीत कामाचं स्वरूप कसं बदललं, ते कागदाने दाखवा. नोकरीचा पुरावा म्हणून नुसतं अनुभवपत्र पुरत नाही. फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक जोडा. लेटरहेड कुणीही छापू शकतो, दर महिन्याला जमा झालेला पीएफ छापता येत नाही.

‘मी नक्की परत येईन’ अशा शपथा पानभर घालू नका. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात, कलम २२ मध्ये, पुढे कायमचं राहण्याची इच्छा असणं हे तात्पुरत्या परवान्याच्या आड येत नाही, असं म्हटलेलं आहे. अट एवढीच की परवानगीची मुदत संपली तर तुम्ही देश सोडाल, हे पटलं पाहिजे. त्यामुळे खोटं बोलायची गरज नाही. भारतात परतण्यासारखं तुमच्याकडे खरोखर काय आहे, ते दाखवा: रजा देणारी कंपनी, कुटुंबाचा धंदा, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी, शेती.

पैसा: किती, कुणाचा, कुठून

१ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यानं राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. २०२३ पर्यंत ही रक्कम १०,००० होती, जानेवारी २०२४ मध्ये ती २०,६३५ झाली. क्विबेकची रक्कम वेगळी असते. यात फी आणि प्रवास धरलेला नाही. फी वर्षाला ४०,००० डॉलर आहे असं समजलं तर पहिल्या वर्षाचे जवळपास ६३,००० डॉलर झाले. डॉलर ६५ रुपयांनी धरला तर हे सुमारे ४१ लाख. कोर्स दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षाचं काय, याचंही उत्तर पत्रात हवं. ‘तिथे पार्टटाइम करून भागवीन’ हे उत्तर नव्हे. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला फक्त २४ तास काम करता येतं, आणि त्या कमाईवर फी भरण्याची योजना हा अर्जातला दोषच धरला जातो.

आठ नोव्हेंबर २०२४ रोजी एसडीएस ही जलद योजना बंद झाली. तिच्यासाठी लागणारं जीआयसी, म्हणजे कॅनडातल्या बँकेतली ठेव, आता सक्तीची नाही. तरी मी ती ठेवायला सांगेन. पहिल्या वर्षाच्या फीची पावती आणि जीआयसी एकत्र असले की पैशाचा प्रश्न बराचसा मिटतो. परवाना नाकारल्यास किती पैसे परत मिळतात आणि किती दिवसांत, ते फी भरण्याआधी संस्थेच्या लेखी नियमात वाचून घ्या. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र कच्चं ठरतं. अंतिम मंजुरीपत्र हवं, त्यात संस्थेचं नाव, कोर्स आणि रक्कम हवी.

अधिकारी रकमेइतकाच तिच्या वाटेकडे बघतो. खात्यात वर्षभर दीड लाख असायचे आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात एकदम तीस लाखांची एफडी दिसली, तर ती उसनी आहे असंच तो समजणार. प्लॉट विकला असेल तर खरेदीखत जोडा. सोनं तारण ठेवलं असेल तर त्याची पावती. मामानं दिले असतील तर मामाचं नातं, त्याचं उत्पन्न, त्याचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि तो का देतोय याचं दोन ओळींचं पत्र.

शेतकरी कुटुंबांची इथे विनाकारण पंचाईत होते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून विवरणपत्रच भरलेलं नसतं, किंवा त्यात दुधाच्या जोडधंद्याचे दोन-तीन लाख तेवढे दिसतात. मग सांगलीचा द्राक्षबागायतदार, ज्याची वर्षाची उलाढाल शहरातल्या मॅनेजरच्या पगारापेक्षा जास्त आहे, तो कागदावर गरीब ठरतो. यावर उपाय आहे, पण तो आधीपासून करावा लागतो. करमुक्त असलं तरी शेतीचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवता येतं. मुलाला दोन-तीन वर्षांनी पाठवायचं मनात असेल तर आत्तापासून दाखवा. मालाचे पैसे रोखीत न घेता खात्यावर घ्या. कारखान्याचं ऊसबिल जिल्हा बँकेत जमा होतं, त्या खात्याचं तीन वर्षांचं स्टेटमेंट काढा. बाजार समितीतल्या आडत्याच्या हिशेबपट्ट्या फेकून देऊ नका. सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. नुसता सातबारा आणि सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र यांनी काम भागत नाही, कारण जमिनीची किंमत म्हणजे फी भरायला हाताशी असलेला पैसा नव्हे. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह जोडावं लागतं.

नावांचाही घोळ बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं, सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाचं घरगुती रूप असतं. आईच्या एफडीवर माहेरचं नाव आणि तुमच्या जन्मदाखल्यावर सासरचं. आपल्याला यात काही खटकत नाही, पण हजारो मैलांवरच्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा आणि पत्रात एका ओळीत खुलासा करा.

खोटं एकही नको

अर्जात विचारलेलं असतं: कोणत्याही देशानं कधी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे का? अमेरिकेनं नाकारला असेल, ब्रिटननं नाकारला असेल, तर ‘होय’ लिहा आणि कारण सांगा. जुना नकार क्षम्य असतो, लपवणं नाही. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर त्याच इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि ती तुमच्यावर येते, एजंटवर नाही. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा कॅनडात शिकून नोकरीला लागलेली भारतीय मुलंसुद्धा चौकशीत अडकली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र इमिग्रेशन खातं थेट संस्थेकडून पडताळून घेतं.

सल्ला घ्यायला हरकत नाही, पण पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात तुमचं प्रतिनिधित्व करणारा माणूस कॅनडातला वकील किंवा तिथल्या अधिकृत सल्लागार मंडळाचा परवानाधारक असावा लागतो. त्याचं नाव मंडळाच्या सार्वजनिक यादीत शोधता येतं. तुमच्याकडून फी न घेणारा एजंट बहुधा कॉलेजकडून कमिशन घेतो, हे लक्षात ठेवून त्यानं सुचवलेली कॉलेजची यादी वाचा. ऑनलाइन खातं तुमच्या ईमेलवर असावं आणि अर्ज जमा होण्याआधी प्रत्येक पान तुम्ही स्वतः वाचलेलं असावं. ‘तुम्ही काळजी करू नका’ म्हणून तो पासवर्ड देत नसेल तर उठून या.

नकार आला तर तेच कागद घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज करण्यात काही हशील नाही. २०२५ च्या मध्यापासून स्टडी परमिटच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याच्या टिपणातला मजकूरही दिला जाऊ लागला आहे. तो शब्दन् शब्द वाचा. पैशाच्या वाटेवर शंका असेल तर ती वाट दाखवणारे कागद गोळा करा, कोर्सवर शंका असेल तर पत्र मुळातून लिहा. हातातले पुरावे भक्कम असूनही अधिकाऱ्यानं ते पाहिलेच नाहीत असं दिसत असेल, तर फेडरल कोर्टात दाद मागता येते. कॅनडाबाहेर असणाऱ्याला त्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून कोर्टानं स्टडी परमिटच्या प्रकरणांसाठी सोपी, जलद प्रक्रियाही प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. कोर्ट परवाना देत नाही, निर्णय चुकीचा वाटला तर अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. म्हणून वकिलाला पैसे देण्याआधी, नव्या अर्जानं काम भागेल का, हे विचारा.

रकमा आणि सवलती दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात आयआरसीसीच्या संकेतस्थळावर त्या पुन्हा बघा. आणि जमा करण्याचं बटण दाबण्याआधी पूर्ण अर्ज अशा एका माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्या बेताची काहीच माहिती नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा: मी हा कोर्स का करतोय, पैसे कुठून आले, आणि शिकून झाल्यावर मी काय करणार? तिन्हींची उत्तरं त्याला कागदावरून देता आली नाहीत, तर त्या दिवशी अर्ज पाठवू नका.